पंचविसांची तक्रार

सुकदेव बोरसेचा धोटा सूत तोडत नाही, असं सुरतेजवळच्या उधन्यातले मागवाले एकमेकांना सांगायचे. सुकदेवची जाहिरात म्हणाल तर एवढीच.

अमळनेरजवळच्या गावाहून तो १९५८ साली सुरतेला आला तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचा. पुढे जॉबर झाला, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करू लागला. दुरुस्त्या करता करता त्याच्या लक्षात आलं की निम्मे बिघाड मागाचे नसतातच, धोट्याचे असतात. होडीच्या आकाराचा, हातभर लांबीचा तो लाकडी तुकडा. पोटात सुताची कांडी घेऊन दिवसभर इकडून तिकडे पळणारा. लाकूड नीट वाळलेलं नसलं की त्याला चीर पडायची, चिरेतून कुस निघायचं आणि आर्ट सिल्कचं, म्हणजे कृत्रिम रेशमाचं, नाजूक सूत तटातट तुटायचं. सुकदेवने घरी दोन धोटे करून पाहिले, मग दहा केले. १९७० साली त्याने उधन्यात पत्र्याची एक शेड घेतली, जुना लेथ बसवला आणि नोकरी सोडली. सलाबतपुऱ्यातली तीन मिल जीन स्टोअर्स, म्हणजे मागाचे सुटे भाग विकणारी दुकानं, त्याचा माल ठेवू लागली.

सुकदेव बोलायला कमी. ती उणीव त्याची बायको कलाबाई भरून काढायची. डिंडोलीतल्या आपल्या दोन खोल्या आवरून ती अकराच्या सुमाराला शेडवर यायची आणि तयार धोट्यांवरून जुन्या नायलॉन साडीचा तुकडा फिरवायची. साडीचा एक धागा जरी अडकला तरी धोटा बाजूला. "हा तुम्हना परत," असं म्हणून ती तो नवऱ्याकडे ढकलायची, आणि सुकदेव मुकाट्याने पुन्हा घासायला घ्यायचा.

१९७१ सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी हातगाडीवरून तीन खोकी शेडवर परत आली. तिन्ही दुकानांतून, एकाच दिवशी. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही.

सुकदेवला वाटलं, मालातच खोट निघाली. त्याने खोकी उघडली, एकेक धोटा उजेडात धरला, टोकं तपासली, लाकडावर नख ओढून पाहिलं. दुपारचा डबा तसाच राहिला. कलाबाईने साडीचा तुकडा सगळ्या धोट्यांवरून फिरवला. एकदाही अडकला नाही.

"धोट्यास्ले काही झायं नही," ती म्हणाली. "दुकानदारस्ले झायं शे. तुम्ही जाऊन विचारा."

सुकदेव सलाबतपुऱ्यात गेला. तीन दुकानदारांपैकी प्रकाशभाई जरा जवळचा. त्याने सुकदेवला गल्ल्याच्या मागे बसवलं, चहा सांगितला आणि रस्त्याकडे एक नजर टाकून म्हणाला, "सुकदेवभाई, तमारा मालमां कंई खोट नथी. खोट इकडे आहे." खणातून त्याने एक टाइप केलेला कागद काढला, पण हातात दिला नाही, दुरूनच वाचून दाखवला.

कागद 'सुवर्णतंतू' नावाच्या मुंबईच्या मोठ्या कंपनीचा होता. सुरतेतल्या मागांना लागणाऱ्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणि पिकर, म्हणजे धोट्याला ठोसा देणारे चामड्याचे तुकडे, बहुतेक तिच्याकडूनच येत. कंपनीने आता स्वतःचे धोटेही काढले होते. कागदात लिहिलं होतं की यापुढे जो दुकानदार दुसऱ्या कोणाचा धोटा दुकानात ठेवील, त्याला कांड्या आणि पिकर मिळणार नाहीत. आणि कांड्या घ्यायला येणाऱ्या प्रत्येक मागवाल्याला सोबत कंपनीचा धोटाही घ्यावाच लागेल. खाली सुरत शाखेचे व्यवस्थापक अविनाश प्रधान यांची सही.

"कांड्या नाहीत तर माझं दुकान म्हणजे रिकामं कपाट," प्रकाशभाई म्हणाला. "शुं करूं?"

सुकदेव अविनाश प्रधानांना भेटायला गेला. त्याला वाटलं, आपला मराठी माणूस आहे, बोलून बघावं. अविनाश चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, वागायला खरोखरच चांगला. त्याने सुकदेवला खुर्ची दिली, त्याचा धोटा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"काम उत्तम आहे हो तुमचं. मी खोटं कशाला बोलू? असं करा, आमच्यासाठी बनवा. जेवढे बनवाल तेवढे आम्ही घेऊ. फक्त शिक्का आमचा मारायचा आणि बाहेर एकही विकायचा नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

अविनाशने धोटा टेबलावर ठेवला. "बोरसे, मुंबईहून आलेलं धोरण आहे हे. मी फक्त सही करतो. आठ दिवस विचार करा."

आठाचे पंधरा झाले, पंधराचे साठ. शेडमध्ये धोट्यांची रास वाढली, मग सुकदेवने लेथ बंदच ठेवला आणि पुन्हा लोकांचे माग दुरुस्त करायला जाऊ लागला. घरी तो कोणावर चिडत नव्हता. पण हात धुताना हाताकडे बघत बसायचा. ते कलाबाईला बघवत नव्हतं.

संक्रांतीनंतर महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. कलाबाईची मुलगी मराठी शाळेत होती, म्हणून आईलाही आमंत्रण असायचं. पुढच्या रांगांत बँकेतल्या, सरकारी कचेऱ्यांतल्या लोकांच्या बायका. मागे डिंडोली-उधन्याच्या खान्देशी बायका. त्या वर्षी मंडळाने एक व्याख्यानही ठेवलं होतं. वाणिज्य महाविद्यालयात कायदा शिकवणाऱ्या उज्ज्वला कर्णिक नव्या कायद्यांवर बोलणार होत्या. वाण मिळायचं ते व्याख्यानानंतर, म्हणून कोणी उठलं नव्हतं इतकंच.

उज्ज्वलाताईंनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी दिल्लीत मक्तेदारीविरुद्ध कायदा झाला आहे. बड्या व्यापाऱ्यांनी संगनमत करून किंवा जोर दाखवून दुसऱ्याला बाजारातून हुसकावलं, गिऱ्हाइकाला नको ती वस्तू गळ्यात मारली, तर त्याची चौकशी करायला एक आयोग नेमला आहे. उदाहरण त्यांनी तुपाच्या डब्याचं दिलं. पुढच्या रांगेत कोणीतरी जांभई दिली.

मागच्या रांगेत कलाबाई उभी राहिली.

"बाई, एक विचारू? दुकानदाराला कोणी दम दिला, की माझाच माल ठेव, दुसऱ्याचा ठेवलास तर तुला काहीच देणार नाही. तर ते बसतं का तुमच्या कायद्यात?"

उज्ज्वलाताईंनी चष्मा वर केला. "कोणी दिला असा दम?"

"ते मागून सांगते. बसतं का, ते सांगा."

"बसतं," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "अगदी तेच बसतं."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्या रिक्षा करून उधन्याच्या शेडवर आल्या. सहा वर्षं त्या पुस्तकातून कायदा शिकवत होत्या, पण कायद्याची खरी गरज पडलेला माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी वहीत दोन गोष्टी लिहिल्या आणि मोठ्याने वाचल्या.

"एक, एकट्या माणसाची तक्रार आयोग घेत नाही. व्यापाऱ्यांची किंवा गिऱ्हाइकांची संघटना हवी, तिचे निदान पंचवीस सभासद हवेत. दोन, तो कागद हवा."

"कागद प्रकाशभाई देणार नाही," सुकदेव म्हणाला.

"मग आधी पंचवीस माणसं आणा."

माणसं मिळणं अवघड नव्हतं. कांड्यांबरोबर नको असलेले धोटे घेऊन सगळेच वैतागले होते. लोटू सैंदाणे हा सुकदेवचा गाववाला, आठ मागांचा धनी. त्याने पहिली सही ठोकली आणि स्वतः हिंडून आणखी लोक आणले. 'उधना लघु यंत्रमागधारक मंडळ' असं नाव ठरलं. आठवड्याच्या बंदच्या दिवशी कागदावर सव्वीस सह्या झाल्या. उज्ज्वलाताईंनी सगळ्यांसाठी भजी मागवली.

ही बातमी चार दिवसांत सुवर्णतंतूच्या कचेरीत पोचली. कंपनीचा विक्रेता सायकलवरून कारखान्या-कारखान्यांत फिरला. तो कोणाला काहीच वाईट बोलला नाही. फक्त विचारायचा, "तुमची कांड्यांची मागणी मार्चमध्ये आहे ना? यंदा माल जरा कमी येणार आहे म्हणे. बघू कोणाकोणाला पुरतो ते."

दुसऱ्या आठवड्यात लोटू शेडवर आला. 

"सुकदेवभाऊ, माझं नाव तेवढं काढ."

सुकदेवने कागद पुढे केला. लोटूने स्वतःच्या सहीवर रेघ मारली. त्याच्यामागून आणखी तेरा जण आले. उरले बारा.

त्या संध्याकाळी सुकदेव घरी येऊन म्हणाला, "उद्या प्रधान साहेबांकडे जातो. त्यांचा शिक्का तर त्यांचा. हात तर माझेच चालतील ना?"

कलाबाई भाकरी थापत होती.  परातीवरचा हात थांबवून तिने विचारलं, "लोटूभाऊना आठ माग शेतस. ते सगळे त्यास्नाच नावावर शेतस का?"

"नाही. चार त्याच्या, चार बायकोच्या, सुंदराच्या. तुला माहीत नाही का? चारपर्यंत माग असले की सरकारी करात सवलत असते. सगळ्यांनी तेच केलंय."

"सगळ्यांनी?"

"ज्यांचे जास्त आहेत त्या सगळ्यांनी."

"मंग उद्या तुम्ही कोठे जाऊ नका," कलाबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी ती सुंदराकडे गेली. लोटू सूत आणायला बाजारात गेला होता. सुंदरा मागावरच होती. माग बंद करून, कानातले कापसाचे बोळे काढत ती बाहेर आली. अंगाने सडपातळ, आवाज खणखणीत; मागांच्या खडखडाटात बोलून बोलून तिला हळू बोलता येतच नसे.

"सुंदरा, हा माग कोना नावावर शे?"

"हाऊ? मना नावावर शे. हाऊ, हाऊ, आणि त्या दोन. का वं?"

"मंग सही बी तुनीच लागी."

सुंदराला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. कंपनीच्या धोट्यांनी तिला रोज रडवलं होतं. दर अर्ध्या तासाला तुटलेलं सूत जोडायला वाकायची ती, लोटू नव्हे. तिने पदराला हात पुसले आणि सही केली, 'सुंदरा लोटू सैंदाणे', मोठ्या गोल अक्षरांत. मग चप्पल पायात घालून तीच कलाबाईच्या पुढे निघाली.

तीन दिवस दोघी हिंडल्या. मागवाल्या हिलाल पाटलाची बायको सरलाबाई सही करायला घाबरली, कारण तिला लिहिता येत नव्हतं. उज्ज्वलाताईंनी सांगितलं, अंगठा चालतो, शेजारी साक्षीदाराची सही घ्या. सरलाबाईने अंगठा दिला आणि निळं बोट दिवसभर मिरवलं. एकीच्या सासूने हरकत घेतली तर सुंदराने तिचाच अंगठा घेतला. दोन माग सासूच्याही नावावर निघाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कागदावर जुने बारा पुरुष आणि नव्या बावीस बायका होत्या.

लोटू तणतणत शेडवर आला. "वहिनी, हे काय चालवलंय? कंपनी माझ्या कांड्या बंद करील!"

"तुमच्या नाही करणार, भाऊजी," कलाबाई म्हणाली. "तुम्ही तर नाव काढलंय. सुंदराच्या करील. आणि तिच्या बंद झाल्या की ती तुमच्या वापरील."

आत लेथजवळ बसलेला सुकदेव हसला. कलाबाईला तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं की लोटू पुढे काय बोलला ते तिने ऐकलंच नाही. लोटूही मग खाटेवर बसला, पाणी प्यायला आणि जाताना म्हणाला, "माझी रेघ खोडता येते का बघा." पण रेघ खोडता येत नव्हती. पस्तिसावा सभासद म्हणून त्याने बायकोच्या खाली पुन्हा सही केली.

मार्चमध्ये तक्रार रजिस्टर पोस्टाने दिल्लीला गेली. मे महिन्याच्या ऐन उन्हात आयोगाचे एक तपास अधिकारी सुरतेला आले. उंच, घामाने भिजलेले, हातात पत्र्याची पेटी. ते प्रत्येक दुकानात गेले. दोन दुकानदारांना काहीच आठवत नव्हतं. प्रकाशभाईने सुकदेवला पूर्वीच सांगितलं होतं, "मी आपणहून कागद देणार नाही. पण सरकारी माणूस समोर येऊन विचारील तर खोटंही बोलणार नाही." अधिकाऱ्यांनी विचारलं. प्रकाशभाईने कपाळ पुसलं, खण उघडला आणि कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

सुनावणी पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, दिल्लीला झाली. सुकदेव, कलाबाई, उज्ज्वलाताई आणि साक्षीदार म्हणून सुंदरा अशी चौघं निघाली. पाचवा लोटू, कारण बायकोला एकटीला परमुलखात कसं पाठवायचं, असं तो म्हणाला. दशम्यांचा डबा त्याच्याच मांडीवर होता. गाडीत सुंदराने सगळ्यांना विचारून घेतलं की न्यायाधीशाला काय म्हणायचं. उज्ज्वलाताई म्हणाल्या, "साहेब म्हणा. आणि विचारतील तेवढंच सांगा."

आयोगाची जागा कोर्टासारखी नव्हती. लांब टेबल, त्यामागे तीन सभासद, भिंतीवर घड्याळ. कंपनीच्या वकिलांनी सुंदराला हिंदीत विचारलं, "बाई, हे माग खरं तर तुमच्या नवऱ्याचे आहेत. तुम्ही फक्त नावापुरत्या मालक. बरोबर?"

मागच्या बाकावर लोटू पुढे सरकून बसला. सवलतीसाठी माग बायकोच्या नावावर केले, हे इथे निघालं तर वेगळंच झेंगट मागे लागणार होतं.

सुंदराची हिंदी अर्धी अहिराणीच होती, पण आवाज सगळ्या खोलीत पोचला. "साहेब, सकाळी सातला माग मी सुरू करते. दुपारी दोनपर्यंत मी चालवते. कापड मी उतरवते. कागदावर माझं नाव आहे ते बरोबरच आहे."

"तुमचं नुकसान काय झालं?"

"कांड्या मागितल्या की धोटा घ्या म्हणायचे. नको म्हटलं तर कांड्या नाही. माझे माग चार. माझ्या घरात आज त्यांचे अकरा धोटे जास्तीचे पडलेत."

"वापरता येतात की ते."

"वापरते ना, साहेब. भिंतीत ठोकलेत. त्यांच्यावर पिशव्या टांगते. त्या कामाला चांगले आहेत."

टेबलामागचे मधले सभासद खाली बघून काहीतरी लिहू लागले. त्यांच्या शेजारच्यांना मात्र हसू आवरलं नाही. वकील खाली बसले.

एप्रिलमध्ये आयोगाचा आदेश पोस्टाने आला. उज्ज्वलाताईंनी तो शेडमध्ये सगळ्यांसमोर वाचला आणि मराठीत समजावून सांगितला. सुवर्णतंतूने ही पद्धत ताबडतोब बंद करावी आणि पुन्हा करू नये. दुकानदारांबरोबरच्या करारातलं ते कलम रद्द समजावं. तसं पत्र प्रत्येक दुकानदाराला पाठवावं आणि पाठवल्याचं शपथपत्र आयोगाला द्यावं.

"शिक्षा काय झाली?" लोटूने विचारलं.

"झालेल्या गोष्टीला शिक्षा नाही."

शेडमध्ये जरा कुजबुज झाली.

"कायदा तसाच आहे," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "आधी थांबा म्हणतो. थांबा म्हटल्यावरही कोणी थांबलं नाही, तर मग दंड आहे, तुरुंगही आहे. आणि ती शिक्षा आदेश मोडणाऱ्या माणसाला होते, नुसत्या कंपनीच्या पाटीला नाही."

सुकदेव सहसा सभेत बोलत नसे. त्या दिवशी म्हणाला, "मला कोणाला तुरुंगात घालायचं नाही. खोकी दुकानात गेली म्हणजे झालं."

खोकी गेली. दुकानदारांना कंपनीचं पत्र आलं, तिन्ही दुकानांत सुकदेवचे धोटे पुन्हा काचेमागे लागले. पण जूनपासून प्रकाशभाईच्या दुकानात कांड्या कमी येऊ लागल्या. आधी निम्म्या, मग पाव. विक्रेता सायकलवरून उतरायचा, काचेमागे बघायचा आणि म्हणायचा, "प्रकाशभाई, मागूनच माल येत नाही." कागदावर काहीच नव्हतं. शेजारच्या दुकानदाराने सुकदेवचे धोटे काढून ठेवले, तर त्याला दुसऱ्याच दिवशी कांड्यांची गोणी आली.

प्रकाशभाईने या वेळी मात्र कोणी विचारायची वाट पाहिली नाही. तो स्वतः उधन्याला आला आणि मंडळाचा छत्तिसावा सभासद झाला. किती मागितलं, किती आलं, त्या त्या तारखा त्याने लिहून आणल्या होत्या. उज्ज्वलाताईंनी आयोगाला पुन्हा लिहिलं. उत्तर महिन्याभरात आलं, पण ते मंडळाला नव्हतं. ते अविनाश प्रधान यांच्या नावाने होतं. मंडळाला फक्त नक्कल. आदेशाचा भंग केल्याबद्दल तुमच्यावर खटला का भरू नये, याचा खुलासा तीस दिवसांत करावा.

ऑगस्टच्या एका दुपारी अविनाश शेडवर आला. पाऊस थांबला होता. दारातल्या चिखलातून तो विटांवर पाय ठेवत आत शिरला. कलाबाईने त्याला स्टूल दिलं. शर्टाची इस्त्री मोडली होती.

"मुंबईवाले म्हणतात, आम्ही पत्र पाठवलं, आमचं काम झालं," तो म्हणाला. "पुढे सुरतेत जे झालं ते प्रधानने केलं. तसं त्यांनी आयोगाला लिहूनही दिलंय. बोरसे, मला कांड्या कमी करायला फोनवर सांगितलं होतं त्यांनी. फोनचा काय पुरावा देऊ?"

सुकदेवने लेथ बंद केला. कलाबाईला वाटलं, आता तरी हे काहीतरी बोलतील. पावणेदोन वर्षांचं साचलेलं बोलतील. पट्टा थांबला तसा सुकदेव म्हणाला, "साहेब, गोदामात कांड्या आहेत?"

"आहेत. भरपूर आहेत."

"मग चला, आजच देऊन येऊ. टेम्पो मी बोलावतो."

अविनाश स्टुलावरून उठला. "आणि खटला?"

"ते मला कळत नाही. उज्ज्वलाबाई सांगतील. पण आज माल पोचला तर आज पोचला असं मंडळ लिहून देईल. खोटं काही लिहायचं नाही, तुमच्या बाजूनं नाही आणि आमच्याही नाही."

टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं दाटीवाटीने बसले. सलाबतपुऱ्यात टेम्पो आधी प्रकाशभाईच्या दुकानापुढे थांबला. गोण्या उतरल्या. मग अविनाश शेजारच्या दुकानात गेला, जिथे सुकदेवचे धोटे काढून ठेवले होते, आणि चार गिऱ्हाइकं ऐकत असताना म्हणाला, "शेठ, तुम्हाला आवडेल त्याचा माल ठेवा. कांड्या मागाल तेवढ्या मिळतील. कोणी वेगळं सांगितलं तर मला फोन करा." दुकानदाराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सुकदेवकडे. मग फळीमागचं खोकं पुढे ओढलं.

मंडळाने जे घडलं ते तारखेसकट लिहून दिलं. फोनची गोष्टही अविनाशने स्वतःच्या खुलाशात लिहिली. ते त्याला सर्वांत जड गेलं. आयोगाने त्याला सक्त ताकीद देऊन सोडलं, आणि पुढे पुरवठा कसा चालला आहे ते दर तीन महिन्यांनी कळवायचं काम कंपनीच्या मुंबईच्या संचालकांच्या गळ्यात घातलं. अविनाशने ती नोकरी सोडली. सुरतेतच एका रंगाच्या कारखान्यात त्याला काम मिळालं.

सुकदेव काही मोठा शेठ झाला नाही. त्याने आणखी एक लेथ घेतला, दोन माणसं वाढवली. सुवर्णतंतूनेही गप्प न बसता धोटे सुधारले. पुढच्या हिवाळ्यात प्रकाशभाईने त्यांचा नवा नमुना मुद्दाम त्याच्याकडे पाठवला. सुकदेवने तो उजेडात धरला, टोकावरून बोट फिरवलं. कलाबाईने नायलॉनचा तुकडा फिरवला, अडकला नाही.

"चांगला केलाय," सुकदेव म्हणाला. त्याच्या आवाजात खंत नव्हती. "टोक कसं बसवलंय बघ. आपल्याला अजून असं जमत नाही." लगेच त्याने एक जुना धोटा घेतला आणि टोक उपसून काढायला सुरुवात केली.

"आज ऱ्हाऊ द्या ते," कलाबाई म्हणाली. "बाहेर टेम्पो उभा शे."

बंदचा दिवस होता. मंडळाच्या बायकांनी डुमसच्या समुद्रावर जायचं ठरवलं होतं, आणि या खेपेला पुरुषांनाही बरोबर न्यायचं असा ठराव आता मंडळाच्या अध्यक्ष झालेल्या सुंदराबाईंनी मंजूर करून घेतला होता. उज्ज्वलाताई पुढे बसल्या होत्या. मागे लोटू जागा धरून होता आणि सुंदराचा खणखणीत आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जात होता. सुकदेवने हात पुसले, शेडचं कुलूप लावलं आणि टेम्पोत चढला. डुमसला भजी आधी खायची की पाण्यात आधी जायचं, यावर उधन्याचं रेल्वे फाटक ओलांडेपर्यंत एकमत झालं नव्हतं.